शिंपी भारी की पांडा?

बाल्कनीतल्या कुंडीत वांग्याच्या झाडावर शिंपी पक्ष्याने घरटं केलंय, म्हणजे एक मोठं पान वळवून कोळ्याच्या जाळ्याने टाके घातलेत आणि आत मऊ कापूस, आणि त्याच वेळी लेक मोबाईलवर चीनमधल्या चेंगदूच्या पांडांचे व्हिडिओ बघत बसलेली, मग तुलना होणारच ना!

शिंपी 10 ग्रॅमसुद्धा भरत नाही, पांडा 100 किलोचा. पण आवाज? हा एवढासा जीव सकाळी साडेपाचला अख्खी बिल्डिंग उठवतो आणि ते धूड बकरीसारखं बें बें करतं, खरंच!! खाण्यात मात्र पांडाला तोड नाही, दिवसाचे 12-14 तास बांबू चघळत बसतो, कारण आतडं पडलं मांसाहारी प्राण्याचं, बांबू त्यात नीट पचतच नाही, मग काय, ढीगभर खा.

पिल्लांचं तर विचारूच नका. पांडाचं पिल्लू जन्मतः जेमतेम 100 ग्रॅमचं, गुलाबी, आईच्या वजनाचा साधारण 900वा भाग, आणि मग दीड-दोन वर्षं तिलाच चिकटून. शिंप्याची पिल्लं दोन आठवड्यांत घरट्याबाहेर. काल एक कुंडीच्या काठावर बसलेलं, शेपटी धड आलेली नाही पण ओरडणं मात्र बापासारखंच.