वय ५३, स्त्री

"मॅडम, ही बाई कोण होती?"

नवीन विद्यार्थिनीने मायक्रोस्कोपवरून डोळे न काढताच विचारलं. समोर के-५६२ पेशी होत्या, एका बाईच्या अंगातून घेऊन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या, इमॅटिनिब हे कर्करोगावरचं औषध घालून ७२ तास झालेल्या. ट्रिपॅन ब्लू टाकला की मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत पेशी रंग आत घेत नाहीत. आज निळ्या भरपूर होत्या. प्रयोग जमला म्हणून मी खुशीत होते.

आणि हा प्रश्न.

पेशींचा माहितीचा कागद काढला. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग. ब्लास्ट क्रायसिस, म्हणजे त्याचा शेवटचा टप्पा. छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेल्या पेशी. वय ५३, स्त्री. बस, एवढंच.

या पेशींवरचा शोधनिबंध १९७५ चा. या रोगात बीसीआर-एबीएल नावाचं बिघडलेलं प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' असं सांगतच राहतं. त्याला गप्प करणाऱ्या इमॅटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००१ मध्ये. आज रोग सुरुवातीच्या टप्प्यात सापडला, तर कितीतरी रुग्ण ही गोळी घेत वर्षानुवर्षं जगतात. तिच्या हयातीत ती गोळी नव्हती. तिच्या पेशींवर मात्र आम्ही अजूनही तेच औषध घालतो आणि किती मेल्या ते मोजतो.

इतकी वर्षं मोजतेय. हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता, याचंच आज वाईट वाटलं.

जाताना औषध न घातलेला फ्लास्क परत इन्क्युबेटरमध्ये ठेवला. ३७ अंश. अंगाला असते तेवढीच ऊब.

पेशींवर काम करणाऱ्यांनो, तुमच्या फ्लास्कमध्ये कोण आहे, ठाऊक आहे तुम्हाला?