इतका वेळ तिथे करायचीस काय?

मंगळवार, रात्र

सईने विचारलं ते सहजच. "मावशी, रेकॉर्डच्या दुकानात तू इतका वेळ करायचीस तरी काय?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

काय करायचे? कव्हरं चाळायचे. मागचा बारीक मजकूर उभ्या उभ्या वाचून काढायचे. तबकडी उजेडात तिरपी धरून ओरखडे बघायचे. पण याला काही अख्खी दुपार लागत नाही.

खरं म्हणजे मी दुसऱ्यांची गाणी ऐकायचे. कुणी अनोळखी माणूस काउंटरवर एखादी रेकॉर्ड पुढे करून "जरा लावता का?" म्हणायचा आणि ती मग सगळ्या दुकानाला ऐकावी लागायची, आवडो न आवडो. मी कंटाळून दाराकडे निघालेले असायचे आणि दुसऱ्या कडव्याला पाय अडायचा. माझ्या कपाटातल्या कितीतरी रेकॉर्डी मुळात अशा परक्या माणसांच्या पसंतीच्या आहेत. त्यांची नावंही मला माहीत नाहीत. एकाचं माहीत होतं. ते आज नको.

आता फोन मला माझ्याच आवडीचं वाढत राहतो, आणि ऐकताना खोलीत दुसरं कुणी नसतं. आज त्याचं फार रडू आलं. आपलं काहीतरी काढून नेलं आणि कुणी विचारलंसुद्धा नाही, असं वाटत राहिलं.

लोक म्हणतात, रेकॉर्ड परत आली. आलीच आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडींपेक्षा जास्त रेकॉर्डी विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. पण माझं त्यात भागत नाही. म्हणजे मला तबकडीची आठवण येतच नव्हती. ती तर कपाटात आहे.

१९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मावू लागली, आणि दुकानांना बरे दिवस आले. पुढे कॅसेट आली, १९८२ मध्ये सीडी आली, त्याही त्यांनी विकल्या. १९९९ मध्ये नॅप्स्टर आलं, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायची सोय, आणि गाणं दुकानात न जाताच मिळायला लागलं. २००६ मध्ये टॉवर रेकॉर्ड्ससारख्या साखळीलाही अमेरिकेतली सगळी दुकानं बंद करावी लागली. गाणं हवं तेव्हा ऐकायचं तर विकत घ्यायला हवं, या एका अडचणीवर ही दुकानं उभी होती. अडचण गेली, दुकानं गेली.

ती अडचण सईच्या वाट्याला यावी असं मी मागणार नाही. मनात आलेलं गाणं तिला त्याच क्षणी मिळतं, हे चांगलंच आहे. हे लिहिता लिहिता रडू ओसरलं खरं.

फक्त दुसऱ्या कुणाच्या पसंतीचं काहीतरी, मला न विचारता, कानावर पडावं, एवढं अजून वाटतं. वरच्या मजल्यावरचा मुलगा रोज रात्री काहीतरी मोठ्याने लावतो. उद्या जिन्यात भेटला की विचारेन, काय असतं ते.