साताऱ्याहून म्हसवडला जाताना टाकेवाडीच्या डोंगरावर

कोरेगाव मागं पडलं आणि वर्धनगडचा घाट लागला की खिडकीतूनच कळतं आता दुष्काळी पट्टा सुरू झाला. मागं ऊस, आलं, पाटाचं पाणी आणि पुढं पुसेगावच्या अंगाला नुसते उघडे डोंगर. जिल्हा एकच पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि इकडं दहिवडी-म्हसवडला जेमतेम साडेचारशे-पाचशे, तोही आला तर आला. दिवाळी होऊन गेलेली, हवा छान होती, म्हणून यावेळी गोंदवल्याचं दर्शन घेऊन परत फिरायचं नाही, आधी टाकेवाडी बघायची असं ठरवूनच निघालो होतो.

टाकेवाडी म्हणजे माण तालुक्यातली आंधळीजवळची वाडी. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावांनी श्रमदानातून पाणी अडवायच्या स्पर्धेत, 2018 ला अख्ख्या महाराष्ट्रात पहिली आली आणि 75 लाखांचं बक्षीस घेऊन गेली. ही संस्था आमिर खान आणि किरण राव यांनी 2016 ला सुरू केलं हे सगळ्यांना माहितीये, पण पहिल्या वर्षी स्पर्धा फक्त तीन तालुक्यांत होती आणि त्यातला एक आपला कोरेगाव होता, पहिला नंबरही कोरेगाव तालुक्यातल्या वेळूचाच आला, हे साताऱ्यातल्याही बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं.

गावात पोचल्यावर पारावर बसलेल्या एका काकांना विचारलं, डोंगर बघायचाय म्हणलं, तर ते काठी घेऊन स्वतःच उठले. म्हणाले, "चला की पावनं, हितं बसून काय कळणार हाय." चढताना त्यांनी जे दाखवलं ते सांगायलाच ही पोस्ट लिहितोय.

डोंगराच्या माथ्यापासून खालपर्यंत आडवे चर. सलग समतल चर, पण गावात सगळे सीसीटीच म्हणतात, अगदी आज्ज्यासुद्धा. चराची पातळी एकसारखी नसली तर पाणी एका बाजूला पळतं आणि बांध फोडून जातं, म्हणून लाकडाची ए-फ्रेम, म्हणजे पातळी बघायची ए आकाराची चौकट, करून आधी आखणी करायची, मग टिकाव. खणलेली माती उताराच्या बाजूला लावायची, तिच्यावर गवत धरतं. ओघळीत दगड रचून बांध, खाली नाल्यावर मातीचे बांध, शेतात बांधबंदिस्ती. माथा ते पायथा हा क्रम कुणी मोडायचा नाही, कारण वर काम न करता खाली बंधारा बांधला तर दोन पावसाळ्यात तो गाळानं भरतो. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबवायचं आणि थांबलेल्याला जिरवायचं, एवढंच सूत्र. आपल्याकडं खाली काळा कातळ, त्यात पाणी साठायला जागाच मुळात कमी, त्यामुळं जिरलेला प्रत्येक थेंब मोजून वापरावा लागतो.

आणि यात पानी फाउंडेशननं काय केलं? मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच, की चर खणायला तिनं पैसे दिले नाहीत. ग्रामसभेत ठराव करायचा, गावानं पाच माणसं ट्रेनिंगला पाठवायची, त्यात बायका पाहिजेतच, आणि परत येऊन एप्रिल-मेच्या उन्हात 45 दिवस गावानंच राबायचं. मोठ्या कामाला पोकलेन-जेसीबी भारतीय जैन संघटनेनं पुरवले, डिझेलची जुळणी गावांनी लोकवर्गणीतून, जमेल तिथून केली, पण टिकाव-फावडं घरचंच. काका सांगत होते की बांधाच्या भांडणावरून वर्षानुवर्षं न बोलणारी घरं सुद्धा रात्रीच्या श्रमदानाला एकाच चरात उतरली, मुंबईला कामाला असलेली पोरं सुट्टी टाकून आली, माहेरवाशिणी आल्या. मला वाटतं गाव उभं राहतं ते इथं. पाणी नंतर येतं, आधी माणसं एकत्र यावी लागतात आणि ती पैशानं येत नाहीत.

पण सगळं गोडगोड लिहिणं बरोबर नाही. स्पर्धा झाली त्याच 2018 ला पावसानं दगा दिला आणि 2019 च्या उन्हाळ्यात माणमध्ये परत टँकर आणि चारा छावण्या होत्याच. चर पाणी अडवतात, पाऊस पाडत नाहीत. शिवाय विहिरीला पाणी दिसलं की कुणीतरी ऊस लावतो, कुणी बोअर मारतो, आणि सगळ्यांनी मिळून जिरवलेलं पाणी एकाच्या रानात जातं. म्हणून पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणं पिकं घेणं हे चर खणण्यापेक्षा अवघड काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे. 2022 पासून फाउंडेशननं फार्मर कप सुरू केलाय, त्यात शेतकऱ्यांनी गट करून एकत्र शेती करायची, बी-बियाणं एकत्र घ्यायचं, शेतीशाळेत मोबाईलवरून थेट शास्त्रज्ञांना विचारायचं, ही त्याच वाटेवरची पुढची पायरी वाटली.

दुपारी गोंदवल्यात दर्शन आणि प्रसाद घेऊन म्हसवडला गेलो. इथली माणदेशी फाउंडेशन ही खरी घरची संस्था, चेतना सिन्हांनी उभी केलेली. बायकांच्या बँकेला 1997 ला परवाना मिळाला, आधीचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या, तेव्हा त्याच बायकांनी व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवली. 2012 च्या दुष्काळात याच संस्थेनं म्हसवडला जनावरांची छावणी चालवली, माणसं जनावरांसोबत तिथंच मुक्कामाला होती, आणि नंतर बंधाऱ्यांची कामं हाती घेतली. ज्या दावणीला उभं राहून दुष्काळ बघितला तिथूनच पाणी अडवायचा विचार पुढं गेला हे मला फार मोलाचं वाटतं.

कुणाला जायचं असेल तर साताऱ्याहून पंढरपूरची एसटी दहिवडी, गोंदवले, म्हसवड अशीच जाते, पण टाकेवाडीसाठी स्वतःची गाडी बरी. डोंगर चढायच्या आधी गावात कुणाला तरी विचारा, चरांच्या बांधावरून चालू नका, माती ढासळते. याच तालुक्यातली भांडवलीही 2018 ला दुसऱ्या नंबरात होती, ती बघायची राहिली, तिथं मात्र भर मे महिन्यात जाणार आहे, विहिरींचा तळ तेव्हाच नीट बघायला मिळतो.