चंदीचं रजिस्टर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आमची घोडी तर्री मैदानाच्या मधोमध थांबली. मी टाच दिली. ती हलली नाही. पुन्हा दिली. या दुसऱ्या टाचेला तीन आठवडे होऊन गेले, तरी रात्री जाग आली की पहिली तीच आठवते.

पुण्यातल्या एका रायडिंग क्लबमध्ये मी एकवीस वर्षं शिकवते. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे पहाटेचा वारा आणि टापांचा आवाज. निम्मा दिवस हेल्मेट का घट्ट असावं लागतं हे मुलांच्या आयांना समजावण्यात जातो आणि उरलेला निम्मा खुरांचा वास घेण्यात. हो, वास. पावसाळाभर ओल्या ठाणात उभ्या राहिलेल्या घोड्याचा पाय उचलायचा, हूफपिकने माती काढायची आणि तळव्यातल्या त्या मऊ त्रिकोणाला, नालबंद ज्याला पुतली म्हणतात, नाक लावायचं. कुजलेला वास आणि काळं पाणी आलं की समजायचं, मोरचूद काढा. आश्विन लागला की हे रोज. पाठीवरच्या केसांखाली खपल्या आहेत का ते बोटांनी चाचपायचं. चावऱ्या माशांचे दिवस म्हणून त्यांच्यामुळे पसरणारा सर्रा हा आजार तर नाही ना, यासाठी अधूनमधून येणाऱ्या तापावर आणि पायांवरच्या सुजेवर लक्ष ठेवायचं. हिरवं गवत संपून सुकं सुरू होताना आठ-दहा दिवस मिसळून घालायचं, नाहीतर पोटदुखी ठरलेली. दुपारी ऑक्टोबरचं ऊन, पहाटे अंगावर काटा. घोड्यांना हा महिना झेपतो, पण माणसाने नीट लक्ष दिलं तर.

यंदा मी लक्ष द्यायला नव्हतेच. ऑगस्टच्या शेवटी चिकुनगुन्या झाला. हा शब्द आफ्रिकेतल्या मकोंडे भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ वाकवून टाकणारा असा काहीसा होतो, हे मी अंथरुणात पडल्यापडल्या वाचलं आणि नाव ठेवणाऱ्याला मनोमन हात जोडले. ताप चार दिवसांत गेला, सांधे राहिले. सकाळी पाऊल जमिनीला टेकवताना घोटा काचेचा असल्यासारखा वाटायचा. बोटं मिटायची नाहीत. टूथपेस्टचं झाकण उघडेना, तिथे लगाम कुठला धरणार? लगाम धरताना करंगळीपासूनची तीन बोटं अशी मिटलेली लागतात की मुठीत चिमणीचं पिल्लू आहे. इतकी वर्षं मी मुलांना हेच सांगत आले. माझ्या मुठीत तेव्हा पिल्लू काय, चेंडूही राहिला नसता.

तर्री ही रेसकोर्सवरून निवृत्त झालेली थरोब्रेड घोडी. रंग मिसळीच्या तर्रीसारखा, स्वभावही तसाच, म्हणून हे नाव. कागदावरचं इंग्रजी नाव लांबलचक आहे आणि त्या नावाने हाक मारली तर ती ढुंकूनही बघत नाही. ती विद्यार्थ्यांना दिली जात नाही. तिच्यावर मीच बसते. त्यामुळे मी आजारी पडले तशी तिचीही रजा सुरू झाली. रोज वीसेक मिनिटं हाताने चालवणं आणि मैदान कोरडं असेल तेव्हा थोडं लंजिंग, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवणं, एवढंच काम उरलं.

घोड्यांची निगा राखणारे आमचे सगळ्यात जुने मोतद्दार म्हणजे चाचा. त्यांचे वडील घोडदळाच्या रिसाल्यात नालबंद होते. माझ्या आजारपणाच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"मॅडम, घोडी तो खडी है. दाना थोडा कम कर दूँ?"

मी म्हणाले, "नको चाचा. माझ्या दुखण्यापायी तिची उपासमार कशाला?"

हे मीच म्हणाले. त्या दिवशी मला स्वतःची इतकी कीव येत होती की थोडी उरलेली तिच्या वाट्याला गेली. रोजची चंदी चार किलो: ओट, सातू आणि भिजवलेले हरभरे. हे खाणं रोज तासभर घाम गाळणाऱ्या घोडीचं. चाचा "ठीक है" म्हणाले आणि पुढचा महिनाभर रजिस्टरमध्ये तर्रीच्या नावासमोर चारचा आकडा पडत राहिला.

ऑक्टोबर उजाडता उजाडता मी परतले तेव्हा सगळे म्हणाले, काय तेज आलंय हिच्या अंगावर! खरंच आलं होतं. पुठ्ठे गोल, कातडी आरशासारखी. मलाही बरं वाटलं. फिजिओथेरपिस्टने मला कागदावर तक्ता करून दिला होता. पहिला आठवडा शांत घोड्यावर दहा मिनिटं, फक्त चाल. रिकिबीत पाय घालून जमिनीवरून चढायचं नाही, ओट्यावरून चढायचं. दुसरा आठवडा वीस मिनिटं. दुडकी तिसऱ्या आठवड्यात, सांधे सकाळी अर्ध्या तासात सुटत असतील तरच. मी तो तक्ता फ्रिजवर लावला आणि आमच्या म्हाताऱ्या शाळकरी घोड्यावर बसून इमानदारीत पाळला. सहा आठवडे नुसत्या उभ्या राहिलेल्या घोडीलाही असा एखादा कागद लागतो, हे एकवीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

मग दसरा. आमच्याकडे त्या दिवशी घोड्यांना काम नसतं. सकाळी आंघोळी, खरारा, झेंडूच्या माळा, कपाळाला हळदकुंकू. सदस्य सहकुटुंब येतात, आपट्याची पानं देतात आणि घोड्यांना गूळ, हरभरे, गाजरं खिलवतात. एक गृहस्थ दरवर्षी पेढे आणतात आणि दरवर्षी मी दोन हात जोडून ते परत पाठवते. तर्रीने माळ खाल्ली. फोटो छान आले.

दुसऱ्या दिवशी माझी मनगटं सहा आठवड्यांत पहिल्यांदाच सकाळी मोकळी होती. तक्त्याप्रमाणे तो दुडकीचा आठवडा. मी म्हटलं, आज तर्री.

बारा मिनिटं चाल. मग दुडकी. माझी मांड अजून आहे, हे कळल्यावर जो आनंद होतो तो ज्याने कधी आजारपणात घोडा सोडलेला नाही त्याला सांगून कळणार नाही. दोन फेऱ्यांनंतर ती जड वाटायला लागली. मागचे पाय आखूड पडत होते. मी स्वतःशी म्हणाले, सुस्तावलीये. एखाद्या विद्यार्थ्याने असं म्हटलं असतं तर मी त्याला खाली उतरवून पुठ्ठ्यावर हात ठेवायला सांगितला असता. पण मी चढलेली होते, खूश होते. मग ती थांबली आणि मी दोनदा टाच दिली.

उतरले तेव्हा मानेपासून पोटापर्यंत घाम सुटला होता. नाकपुड्या फुगलेल्या. पुढचा पाय जमिनीवर घासत होती. आमचा नवा इन्स्ट्रक्टर धावत आला. परदेशातला कोर्स केलेला, पोरगा चांगला आहे, फक्त प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्याला प्रश्नाआधी माहीत असतं. "मॅम, कॉलिक! चालवा तिला, बसू देऊ नका." घाम, अस्वस्थपणा, पाय घासणं, सगळं पोटदुखीसारखंच दिसतं. मी लगाम हातात घेऊन तिला ठाणाकडे चालवायला लागले. ती येत होती, म्हणजे मी आणत होते.

चाचा पागेच्या दारातून ओरडले, "मत हिलाओ! रोको!"

त्यांनी जवळ येऊन तिच्या पुठ्ठ्यावर पंजा दाबला, मग माझा हात धरून तिथे ठेवला. लाकूड. दोन्ही बाजूंना, शेपटीच्या मुळापर्यंत, स्नायू नव्हेच, लाकूड. जुन्या लोकांकडे या दुखण्याला नावच आहे, सोमवारचा आजार. रविवारी काम बंद, चंदी मात्र पूर्ण, आणि सोमवारी घोडा जुंपला की पंधरा-वीस मिनिटांत पुठ्ठे आखडतात. पूर्वी म्हणायचे लॅक्टिक ॲसिड साठतं. ते आता कोणी मानत नाही. काही घोड्यांच्या स्नायूंतच दोष असतो आणि भरपूर धान्य, कमी काम, तापट स्वभाव यांनी तो उफाळतो. थरोब्रेड माद्यांत जास्त. आखडलेले स्नायू फुटतात, त्यांतलं रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. अशा घोड्याला चालवलं की आणखी स्नायू फुटतात. हे सगळं मला येतं. मी याच्यावर मुलांची परीक्षा घेते.

चाचांनी स्वतःची घोंगडी आणून तिच्या पुठ्ठ्यांवर टाकली, ऑक्टोबरच्या उन्हात, आणि बादली तोंडाशी धरली. डॉक्टर पन्नास मिनिटांनी आले. नाडी बहात्तर. स्वस्थ घोड्याची चाळिसाच्या आसपास असते. त्यांनी आधी सलाइन मागितलं. वेदनाशामक लगेच देत नाहीत, कारण अंगात पाणी कमी असताना ते औषधही मूत्रपिंडावरच बसतं. आणि इथे आमच्या क्लबची शोभा झाली. साडेचारशे किलोच्या जनावराला वीस-तीस लिटर लागतं. त्यासाठी पाच लिटरच्या पिशव्या मिळतात. मी दोन वर्षं त्या मागवा म्हणून लिहून देतेय. त्या ऐवजी यंदा बारमध्ये नवे सोफे आले. शेवटी नव्या इन्स्ट्रक्टरला मोटरसायकलवर पिटाळलं. तीन मेडिकल दुकानं फिरून त्याने एक-एक लिटरच्या बाटल्या गोळा केल्या. एका दुकानदाराने विचारलं, "किती पेशंट आहेत?" तो म्हणाला, "एकच." हे त्याने मला नंतर सांगितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला तो पोरगा आवडला.

मैदानातच, जिथे चाचांनी थांबवलं तिथेच, एका बाजूला शिडी उभी करून आम्ही बाटल्या टांगल्या. मी बाटल्या बदलत होते. प्रत्येक बाटलीचं सील उघडताना बोटं बोंब मारत होती. अकराव्या बाटलीनंतर ती लघवीला उभी राहिली. रंग काळ्या चहासारखा. डॉक्टर काही बोलले नाहीत, नमुना घेतला. चाचांनी टोपी काढून हातात धरली.

बाविसाव्या बाटलीनंतर रंग फिका झाला. दुपारी साडेतीनला ती स्वतःहून चार पावलं चालली आणि गवताच्या पेंढीला तोंड लावलं. स्नायू फुटले की रक्तात वाढणारं सीके, जे शेकड्यांत असायला हवं, अडतीस हजार आलं. ते आठवड्याभरात उतरलं. एएसटी नावाचा दुसरा आकडा सावकाश उतरतो, तो अजून खाली यायचाय. तोवर जीन नाही. मूत्रपिंडं वाचली असं डॉक्टर म्हणतात.

ती जिथे थांबली तिथपासून चाचा ओरडेपर्यंत मी तिला किती चालवलं, ते मी नंतर मोजलं. एकसष्ट पावलं. डॉक्टरांना विचारलं, त्या पावलांनी काय फरक पडला असेल? ते म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांच्याकडे यापेक्षा खरं उत्तर नव्हतं हे मला कळतं.

त्या रविवारी कमिटीची बैठक झाली. पहिला प्रश्न, दसऱ्याला घोडीला काय खायला घातलं? गूळ, असं तिघे-चौघे एकदम म्हणाले. पेढेवाले गृहस्थ पडेल चेहऱ्याने बसले होते. त्यांचे पेढे त्या घोडीने हुंगलेही नव्हते. वीस मिनिटांत ठराव झाला: यापुढे सदस्यांनी घोड्यांना काही देऊ नये. बोर्ड लागला, लाल अक्षरांत. गुळाच्या चार खड्यांनी साडेचारशे किलोची घोडी आखडत नाही, हे त्या खोलीत निदान दोन माणसांना माहीत होतं. एक मी. दुसरे चाचा, त्यांना खास बोलावून दारापाशी उभं केलं होतं. कोणीतरी त्यांना दरडावून विचारलं, "तुमचं लक्ष कुठे होतं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत म्हणाले, "गलती हो गयी साब."

मी बोलले असते तर काय झालं असतं? फारसं काही नाही. माझी नोकरी जात नाही, आणि नव्या इन्स्ट्रक्टरला अजून निम्मे घोडे ओळखता येत नाहीत. तरी बोलले नाही. घसा सुकला होता, आजारपणाचा अशक्तपणा होता, वगैरे. चंदीचं रजिस्टर माझ्या कपाटात आहे. बैठकीत ते कोणी मागितलं नाही. पुढची बैठक महिनाअखेरीला आहे.

रिसाल्यात शनिवारी संध्याकाळी कोंड्याचा मॅश देत, म्हणजे रविवारच्या विश्रांतीला पोट हलकं राही. आजचे आहारतज्ज्ञ म्हणतात, आठवड्यातून एकदाच असा अचानक बदल पोटाला बरा नाही, त्यापेक्षा विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्मी करा आणि वैरण वाढवा. ते बरोबर असतील. मी चाचांना तसं सांगितलंही. ते "जी मॅडम" म्हणाले. तर्रीची चंदी त्यांनी त्याच दिवशी बंद केली, मला न विचारता. आता ती सुक्या गवतावर आणि मिठाच्या ढेपेवर आहे आणि सगळ्या पागेवर रागावलेली आहे.

शनिवारी संध्याकाळी मात्र ते बाकीच्या घोड्यांसाठी मोठ्या पातेल्यात कोंडा भिजवतात, वर उकळतं पाणी ओततात, पोतं टाकून झाकतात. मी जवळून गेले की म्हणतात, "मॅडम, जरा पकडिए." मी पोत्याची कड उचलून धरते. खालून वाफ येते, बोटांना लागते. ती अजून पुरती मिटत नाहीत. चाचा ढवळत राहतात आणि दुसरं काही बोलत नाहीत.