हद्द पालिकेची, पाणी सर्वांचे

आज मुलुंड चेकनाक्यावरून ठाण्याच्या दिशेने चालत जाताना एक पालिका संपून दुसरी नेमकी कुठे सुरू होते हे शोधत होतो, पण दुकानांच्या पाट्यांवरचे पत्ते वाचल्याशिवाय ते कळत नव्हते. मुंबई महानगर प्रदेशात ९ महानगरपालिका आहेत. माणसे त्यांच्या हद्दी रोज नकळत ओलांडतात. कारभार मात्र हद्दीपाशी थांबतो.

सहकार्य अशक्य आहे, असे मात्र नाही. ठाणे, भिवंडी-निजामपूर व मीरा-भाईंदर या महानगरपालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्या भागीदारीतील ‘स्टेम’ ही कंपनी उल्हास नदीचे पाणी उचलून, शुद्ध करून या भागाला पुरवते. येथे खर्च आणि पाणी दोन्हींचा वाटा ठरलेला असतो, आणि माझ्या मते अशी व्यवस्था टिकण्याचे खरे कारण तेच आहे. नुसत्या सदिच्छेवर जलवाहिन्या चालत नाहीत.

नियोजनाचे चित्र वेगळे आहे. १९७५ साली स्थापन झालेले एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, हे राज्य शासनाचे आहे, तर शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीच्या ७४व्या घटनादुरुस्तीने सांगितलेल्या, संपूर्ण महानगराचा आराखडा करणाऱ्या महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडायचे असतात. प्रत्यक्षात वजन एमएमआरडीएचेच, हे मुंबईकराला सांगायला नको. ठाणे खाडीला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या तिन्ही शहरांचे काठ आहेत. तिच्यात जाणाऱ्या सांडपाण्याचा हिशेब तरी या तिघांनी एका टेबलावर बसून मांडावा, एवढी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.