अळ्या पिकेनात

"साहेब, अळ्या खातायत, तुकतुकीत दिसतायत, पण पिकायचं नाव नाही." जालना जिल्ह्यातल्या एका तुतीवाल्या काकांचा फोन. चौथी कात टाकली की साधारण सात-आठ दिवसांत रेशीम अळी खाणं सोडते, अंगानं पिवळसर, आरपार दिसायला लागते, मग चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायला ठेवलेल्या जाळीवर, चढून कोष विणते. काकांच्या शेडमध्ये अकरावा दिवस उजाडला होता.

शेडमध्ये पाय ठेवल्याबरोबर मी वास घेतला. रोगट वास नाही. लेंड्या घट्ट. काळी पडलेली, लुळी अळी शोधून सापडेना. उलट एकेक चांगली गुटगुटीत, पाला टाकला की करकर सुरू. खरं तर मला याचीच धास्ती वाटली, रोगाला काहीतरी करता येतं.

थोड्या अळ्यांनी पातळ, पोचट कोष केले होते. एक ब्लेडनं चिरला तर आत अळीच! वाटेत दुसऱ्या शेडवरून घेतलेला पक्का कोष शेजारी कापला. त्यात तपकिरी प्युपा, म्हणजे अळी आणि पतंगाच्या मधली अवस्था, आणि पाठीकडून पोटावर दुमडून चिकटलेले पंख भिंगाशिवाय दिसत होते.

पंखांचे अंकुर अळीच्या छातीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडात, कातडीखाली आधीपासूनच असतात. रक्तात ज्युव्हेनाइल हार्मोन भरपूर असेतोवर कात टाकून पुन्हा अळीच निघते. चौथ्या कातीनंतरच्या पाचव्या अवस्थेत ते ओसरतं, तेव्हा कुठे कोष, प्युपा आणि पंख.

"शेजारच्या कपाशीवर काय मारलं?" मी विचारलं.

शेजारी चुलत पुतण्याच. पांढऱ्या माशीसाठी फवारलेली बाटली घेऊन आला. लेबलवर पायरीप्रॉक्सीफेन. "यानं अळी मरत नाही हो," तो म्हणाला. खरंच होतं ते. हे औषध त्या हार्मोनची नक्कल करतं, म्हणजे अळीला मोठं व्हायचा हुकूमच मिळत नाही. वारा तुतीकडे होता, आणि तो पाला आठवडाभर रॅकवर पडत होता. माझा अंदाज त्यावरच बसला.

बॅच हातची गेली. अळ्या खड्ड्यात पुरायला सांगितल्या. कपाशीकडच्या ओळी छाटायच्या, आणि नव्या फुटव्याचा पाला आधी मोजक्या अळ्यांना घालून बघायचा असं ठरलं. पुतण्या म्हणाला, पुढच्या फवारणीआधी फोन करतो. काका त्याच्याशी बोलले नाहीत.