रात्रीच जळणारा चार्जर

परभणीजवळच्या एका आखाड्यावरून (शेतातल्या वस्तीवरून) १२ व्होल्ट, १० अँपिअरचा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर दुरुस्तीला आला. तक्रार ब्रिजची, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या भागाची : “ब्रिज जळतोय, अन् रात्रीच जळतोय. दुपारी एवढं ऊन असतंय, तवा काहीच होत नाही.” इन्व्हर्टरचा चार्जिंग सेक्शन गेलेला, म्हणून १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी याच चार्जरवर. एकदा लावला की पंधरा-सोळा तास सलग चालणार. तासाभरात काढायचा असेल तर कसाही बनवलेला चार्जर तग धरतो. रात्रभर चालवला की आतली प्रत्येक वस्तू पूर्ण तापते आणि कच्चं काम उघडं पडतं.

झाकण काढलं तर आत पांढरा नमदाच. चार्जर कापूस साठवलेल्या खोलीत ठेवलेला, आणि कुणीतरी त्यात कॉम्प्युटरचा ८० मिमीचा पंखा बसवलेला. पंख्याने खोलीतले कापसाचे तंतू ओढून वाइंडिंगवर आणि पत्र्याच्या जाळीवर थापले होते. बरं, हवा आत ढकलायला पंखा, पण ती बाहेर पडायला भोकच नाही. चार्जर तापतो म्हटलं की पंखा लावणारे आपल्याकडे फार. उष्णता ब्रिजमधून पत्र्यात तरी उतरते का, ते बघायला कुणी तयार नसतं.

इथं ती उतरत नव्हती. आधीच्या मेकॅनिकने ३५ अँपिअरचा केबीपीसी ३५१० ब्रिज काढून ५० अँपिअरचा ५०१० घातला होता. त्याने उष्णता जवळपास तेवढीच राहते. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोडमधून करंट जातो, प्रत्येकावर साधारण १ व्होल्ट पडतो. १० अँपिअर गुणिले २ व्होल्ट, म्हणजे २० वॅट. नंबर मोठा घातल्याने हे २० वॅट कुठं जात नाहीत. हा ब्रिज रंग दिलेल्या पत्र्यावर, खाली अभ्रक, आणि वर-खाली उष्णता पुढं नेणाऱ्या पांढऱ्या पेस्टचा थर. या ब्रिजचा धातूचा तळ आतून इन्सुलेटेडच असतो, अभ्रकाची गरजच नाही. उलट तो आणि रंग मिळून उष्णतेच्या वाटेत दोन भिंती उभ्या राहतात. आणि पेस्ट भाकरीवर लोणी थापतात तशी थापायची नसते. अॅल्युमिनियमची उष्णता वाहण्याची क्षमता २०० च्या आसपास, लोखंडी पत्र्याची ५०, पांढऱ्या पेस्टची जेमतेम १. पेस्ट फक्त बारीक खाचांतली हवा हुसकवण्यापुरती हवी, कारण हवा त्याहून कितीतरी वाईट.

ब्रिजच्या पायांवरच्या थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोप्या) ढिल्या होऊन काळ्या पडलेल्या. ढिला सांधा स्वतःच तापतो आणि ती उष्णता पायातून ब्रिजमध्येच शिरते. त्या कापून, वायर लख्ख करून, नव्या थिंबल पक्क्या क्रिंप केल्या. नुसता सोल्डर इथं टिकत नाही.

तरीही रात्रीचं कोडं राहिलंच. आखाड्याचं कनेक्शन शेतीच्या लाइनवर. दिवसा मोटारी चालू असल्या की व्होल्टेज २०० वर येतं, रात्री मोटारी बंद झाल्या की २५० च्या पुढं. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर) चार्जर लावून २३० ला १० अँपिअर घेतले आणि २५५ ला नेलं. काटा १३ च्या पुढं गेला. व्होल्टेज अकरा टक्के वाढलं, करंट तीस टक्क्यांहून जास्त. ट्रान्सफॉर्मरच्या १५ व्होल्टच्या टॅपवर एसीच्या लाटेचं शिखर २१ व्होल्टचं. त्यातून ब्रिजचे २ आणि बॅटरीचे १३ गेले की करंट ढकलायला सहाच व्होल्ट उरतात. वाढलेले दोन-सव्वादोन व्होल्ट सगळे त्या सहात पडतात. रात्री हवा थंड, पण ब्रिजमध्ये २० ऐवजी २७-२८ वॅट.

हे सगळं व्हायच्या आधी चार्जर बंद पडायला हवा होता. कंपनीने ७५ डिग्रीचा थर्मल कटआउट, म्हणजे तापलं की वीज तोडणारा स्विच, दिलेला होताच. पण त्याची दोन्ही टोकं पिळून टेप मारलेली. ‘डायरेक्ट’ केलं की गिऱ्हाईक खूश. कापसाच्या ढिगाशेजारी रात्रभर चालणाऱ्या यंत्राचा थर्मल डायरेक्ट करणाऱ्याला काय म्हणावं? कटआउट दुपारी सारखा ट्रिप व्हायचा म्हणून काढला, असं मालकच म्हणाले. त्याचं काम तो करत होता.

नवी मांडणी अशी. पंखा काढला. मागच्या पत्र्याला ब्रिजपेक्षा मोठा चौकोन कापला, बाहेरून १५० बाय १०० मिमीचा, ४० मिमी पात्यांसारख्या पंखांचा, उष्णता हवेत सोडणारा अॅल्युमिनियम सिंक बसवला, पंख उभे. आडवे ठेवले तर गरम हवा दोन पंखांमध्येच अडकते. ब्रिज थेट अॅल्युमिनियमवर. सिंकची जागा काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून सपाट केली, पेस्टचा पातळ थर, एम५ बोल्ट, स्प्रिंग वॉशर. खाली रबरी बूट लावून कॅबिनेट २० मिमी उचललं, तळाला भोकं आणि बाजूंना वरच्या कडेला भोकं. झाकणावर नाहीत, पाल आणि कचरा तिथूनच आत पडतो. कटआउट ८० डिग्रीचा, सिंकवर ब्रिजच्या शेजारी, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या (मेनकडच्या वाइंडिंगच्या) सिरीजमध्ये.

१० अँपिअरवर चालवून, तापमान वाढायचं थांबल्यावर मोजलं : दुकानात ३८, सिंक ६५. टेम्परेचर गन चकचकीत अॅल्युमिनियमवर कमी दाखवते, म्हणून काळी टेप चिकटवून त्यावर मोजायचं. सिंकवरून ब्रिजच्या आत अंदाज काढला तर १०० च्या आसपास, मर्यादा १५०. ठीक.

चार्जर नेताना मालकांनी विचारलं, “पंखा कामून काढला?” कापूस दाखवला, मग पटलं. चार्जर ओसरीवर ठेवायचा, आधी चिमटे लावायचे मग स्विच, हे सांगितलं. चार्जिंगला बॅटरीतून हायड्रोजन निघतो, चिमट्याची ठिणगी कापसाच्या बंद खोलीत नकोच.

अडकलंय ते टॅपवर. रात्रीसाठी रोटरी (टॅप बदलायचा फिरता स्विच) १४ व्होल्टवर आणून दिली. २५५ ला ती ११ अँपिअर देते, पण दिवसा २०० ला जेमतेम ३. दोन-चार दिवसांत ‘बॅटरी भरत नाही’ म्हणून ते रोटरी फिरवणार, आणि बॅटरी खरंच अर्धवट राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरणार, तेही खोटं नाही. ९० ते २७० व्होल्ट घेणारा, करंट स्थिर ठेवणारा एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक स्विचिंगवर चालणारा) चार्जर हा खरा उपाय. पण बाजारात १० अँपिअरचे मिळतात त्यांतले बहुतेक पंख्यावरच जगतात, आणि दिवाळीनंतर कापूस पुन्हा घरात येणार. बिनपंख्याचा ५ अँपिअरचा घ्यावा तर १५० एएच भरायला तीस तासांच्या वर, आणि शेतीच्या लाइनला सलग तीस तास वीज कुठली.